पार्ला ईस्टच्या वसईवाल्या मावश्या: करांदे, कोनफळ घ्यायचं तर इथेच

मुंबईत करांदे, म्हणजे ते थोडे कडसर कंद, शोधत असाल तर पार्ला ईस्टच्या मार्केटात सकाळी वसईच्या बायका टोपल्या घेऊन बसतात ना, सरळ त्यांना गाठा. थंडी सुरू झाली की संक्रांतीपर्यंत करांदे, कोनफळ (उंधियूत घालतात तो मोठा कंद), कणगरं (छोटे कंद), गावठी रताळी असं काय काय असतं. अ‍ॅपवर यातलं अर्धं सर्चलाच येत नाही, आणि एकदा एका अ‍ॅपवरून कोनफळ मागवलं तर प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेले तुकडे आले, एका बाजूने काळे पडून लिबलिबीत झालेले, रिफंड मिळाला पण उंधियूचा बेत बोंबलला तो बोंबललाच.

इथे कसं, मावशी तुमच्यासमोर कोयत्याने कापून देतात. वरून नुसतं मातकट लाकूड वाटतं आणि आत असला भन्नाट जांभळा रंग! कधी पांढरंही निघतं, लगेच फसवलं म्हणून भांडू नका, तीही जात असते, पण उंधियूला जांभळंच हवं असेल तर आधीच सांगा. कापलं की बुळबुळीत चिकट पाणी सुटतं आणि काहींच्या हाताला खाज येते, म्हणून तेल लावून सोला. अख्खं कोनफळ फ्रीजमध्ये अजिबात कोंबू नका, थंडीने खराब होतं, बाहेर हवेशीर ठेवलं की आरामात टिकतं. मी तर उंधियूपेक्षा सुरती कंदपुरीच करते, पातळ चकत्या बेसनात बुडवून वर जाडसर कुटलेले धणे-मिरी दाबायचे आणि तळायचे, संपलं काम. हल्ली कॅफेत उबे लाटे म्हणून जो जांभळा प्रकार मिळतो ना तोही ह्याच कंदाचा, फिलिपीन्सचा, एका कपाच्या पैशात इथे घरभर पुरेल एवढं कोनफळ येतं.

आता करांदे. हे खरं तर जमिनीत नाही, वेलीला वर लटकतात, बटाट्यासारखे दिसतात. सालीसकट मीठ घालून उकडायचे, साल हाताने सुटते, आत पिवळसर. थोडे कडू लागतात, आमच्याकडे मुलं तोंड वाकडं करतात आणि सासूबाई एकट्या वाटीभर संपवतात. फार कडू नकोत असं मावशींना सांगितलं तर त्या निवडून देतात.

सुरण मात्र इथे नेहमी नसतो. मिळाला तर विचारून घ्या, गावठी असेल तर घशाला खाजतो, चिंच किंवा आमसूल घालूनच उकडा.

पाचातला एक स्टार कापलाय तो मातीसाठी, जमिनीतल्या कंदांना एवढी माती असते की वजनात तीही येते, झटकून द्या म्हटलं की मावशी हसतात आणि वर दोन जास्त टाकतात पण झटकत काही नाहीत. घासाघीस फारशी चालत नाही. अकराच्या आत जा, नंतर उरलंसुरलं मिळतं, आणि सुटे पैसे न्या कारण जीपे सगळ्यांकडे नाही.