जुनी माझदा आरएक्स-८ : नऊ महिने, साडेसहा हजार मैलांनंतर

गाडी २००५ सालची, २३१ पीएस, सहा गिअरची. रस्ते इंग्लंडमधले. एवढ्या वापरानंतरचं मत आधीच सांगतो: या गाडीचा भरवसा मीटरवरच्या मैलांवरून ठरत नाही, कॉम्प्रेशनच्या, म्हणजे इंजिनातल्या दाबाच्या, सहा आकड्यांवरून ठरतो. पन्नास हजार मैलांच्या आत इंजिन खोलावं लागलेल्या आरएक्स-८ आहेत आणि लाखाच्या पुढे व्यवस्थित चालणाऱ्याही आहेत. कमी चाललेली, फक्त बाजारहाटापुरती काढलेली गाडी बघून खूश होऊ नका. या इंजिनाला तसला वापर सगळ्यात जास्त बाधतो.

या गाडीचं रेनेसिस इंजिन रोटरी प्रकारचं, म्हणजे त्यात पिस्टन नाही, त्याचे व्हॉल्व्हही नाहीत. दोन तिकोनी रोटर, प्रत्येकी ६५४ सीसीचे. दाब अडवून धरणाऱ्या पट्ट्या म्हणजे सील: रोटरच्या तिन्ही टोकांवर एपेक्स सील, कोपऱ्यांत कॉर्नर सील, कडांना साइड सील. यातलं काहीही झिजलं की दाब निसटतो. दोन रोटरच्या तीन-तीन बाजू, म्हणून आकडे सहा. साध्या गॅरेजमधला पिस्टन इंजिनाचा गेज इथे चालत नाही. तो तीन बाजूंतला सगळ्यात जास्त दाब धरून ठेवतो आणि कमजोर बाजू झाकली जाते. रोटरीचा खास टेस्टर हवा, इंजिन पूर्ण गरम हवं आणि आकडे २५० आरपीएमच्या हिशेबाने काढलेले हवेत. हा हिशेब महत्त्वाचा, कारण नवा दमदार स्टार्टर बसवला की इंजिन जोरात फिरतं आणि मूळ आकडे फुगतात. नव्या इंजिनाचा दाब ८.३ बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास असतो. किमान मर्यादा ६.८. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १.५ बारपेक्षा आणि दोन रोटरमध्ये १ बारपेक्षा जास्त फरक नको. या गाडीत घेताना पुढच्या रोटरला ७.६, ७.५, ७.३ आणि मागच्याला ७.४, ७.२, ७.१ मिळाले. सगळे ७ च्या वर आणि एकमेकांजवळ, म्हणून घेतली. विकणारा टेस्ट करू देत नसेल तर तिथूनच परत फिरावं.

टेस्टर मिळेपर्यंत एक घरगुती चाचणी करता येते. वीस मिनिटं नीट गाडी चालवा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सेल्फ मारा. चांगलं इंजिन एक-दोन सेकंदांत उठतं. गरम असताना लांबच लांब सेल्फ खात असेल तर कॉम्प्रेशन उतरलंय असं धरून चाला. बघायला जाताना विकणाऱ्याला सांगा की गाडी आधी गरम करून ठेवू नको. थंड आणि गरम, दोन्ही स्टार्ट तुमच्यासमोर व्हायला हवेत.

आता कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग. या गाडीतली निम्मी दुखणी इथून सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर. चार कॉइल, चार प्लग. मूळ कॉइल तीस-चाळीस हजार मैलांत थकतात, पण एकदम मरत नाहीत. आधी चढावर मिसिंग, पिकअप किंचित कमी, मग इंजिनचा दिवा लुकलुकतो. तोवर न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (कॅट) जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते, वाट तुंबते आणि उष्णता उलटी इंजिनाकडे येते. सील तिथे मरतात. साध्या कॉइलकडे दुर्लक्ष केल्याने इंजिन जातं ते असं. जुने कॉइल कधी बदलले याचं बिल नसेल तर गाडी घेतल्या आठवड्यात चारही कॉइल, वायरी आणि प्लग एकत्र बदला. प्लग दोन प्रकारचे: खाली एनजीकेचे आरई७सी-एल, वर आरई९बी-टी. अदलाबदल चालत नाही.

ऑइल ही गाडी खाते आणि तिने खायलाच हवं. सील ओले ठेवण्यासाठी पंप मुद्दाम थोडं ऑइल आत सोडतो. इथे दर हजार मैलांना पाऊण लिटर लागलं. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची सवय लावा. ५डब्ल्यू-३० वापरलं, फिल्टरसह साडेतीन लिटर, तीन हजार मैलांना बदललं. पहिल्या पिढीत प्रत्येक रोटरला ऑइलचे दोनच इंजेक्टर आहेत आणि एपेक्स सीलचा मधला भाग कोरडा राहतो. २००८ पासूनच्या सुधारित गाडीत मध्ये तिसरा दिला. पैसे असतील तर तीच घ्यावी. जुनीत पेट्रोलमध्ये चांगलं टू-स्ट्रोक ऑइल मिसळावं, ५० लिटरला २०० ते २५० मिली. थंडीत ऑइल भरायच्या नळीत पांढरट साय दिसली तर लगेच घाबरू नका, ती बहुधा साठलेल्या वाफेची असते. मात्र कूलंट कमी होत असेल आणि सुरू करताना पांढरा धूर सुटत असेल, तर कूलंट इंजिनात शिरू न देणारं वॉटर सील गेलंय.

तापमानाच्या काट्यावर अजिबात विसंबू नका. तो बराच वेळ मधोमध राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडीचा (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या सॉकेटचा) स्वस्त रीडर लावून खरा आकडा बघा. चालू गाडीत ८५ ते ९५ अंश ठीक, १०५ च्या वर गेला तर बाजूला घेऊन बंद करा.

थंड गाडी दारातून दोन हात पुढे घेऊन लगेच बंद करू नका. प्लग पेट्रोलने ओले होतात आणि इंजिन फ्लड होतं, म्हणजे सुरूच होत नाही. तसं झालंच तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून आठ-दहा सेकंद सेल्फ मारा. पेडल पूर्ण दाबलेलं असताना इंजेक्टर बंद राहतात. तरी नाही उठली तर फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, प्लग सुकवून पुन्हा. आणि इंजिन गरम झाल्यावर रोज एकदा आरपीएमचा काटा लाल रेषेपर्यंत न्याच, कार्बन साचत नाही. ३७५० आरपीएमच्या पुढे दम नसेल तर इनटेकमधला, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेतला, एसएसव्ही व्हॉल्व्ह अडकलाय का ते तपासा. साफ केला की बहुतेक वेळा सुटतो.

बाकी भराभर: मागच्या चाकांच्या कमानी आणि दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या गंजतात, खाली वाकून हात फिरवा. क्लच पेडल करकरत असेल तर त्याचा ब्रॅकेट तडकतोय. सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीचा, इतिहास फुकट मिळतो. धुराच्या चाचणीत नापास झालेली नोंद दिसली की कॅटबद्दल विचारा.

खर्चाचं स्पष्ट बोलायचं तर ॲव्हरेज गावात लिटरला साडेसहा किलोमीटर, मोटरवेवर साडेआठ. नोंदणी २३ मार्च २००६ च्या आधीची असेल तर रस्ता-कर के (K) पट्ट्यात थांबतो. नंतरची एम (M) पट्ट्यात, म्हणजे साधारण पावणेदोन पट. परतताना भारतात न्यायचा विचार असेल तर तो सोडा. तीन वर्षांहून जुनी गाडी आयात करता येत नाही.

स्टीअरिंग, वजनाचा तोल आणि ९००० आरपीएमपर्यंत गुळगुळीत चढणारं इंजिन यासाठी हे सगळं करायची तयारी असेल तरच घ्या. रोजच्या दोन मैलांच्या शाळा-दुकानासाठी नको. इथे पुढची कॉम्प्रेशन टेस्ट वर्ष भरल्यावर करणार. मागच्या रोटरचा ७.१ किती उतरतो, तोच आकडा बघायचा आहे.