मार्कचे शुभवर्तमान, सुटी पुस्तिका: मजकूर उत्तम, मथळे आड येतात

शुभवर्तमानाचा गाभा समजून घ्यायला सुरुवातीलाच अख्खे बायबल उघडण्यापेक्षा मार्कची सुटी, पातळ पुस्तिका बरी. 16 अध्याय, येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधल्या चार शुभवर्तमानांत सर्वांत आटोपशीर. मोठ्याने वाचले तरी साधारण दोन तासांत संपते. ते एका बैठकीतच वाचावे. रोज दहा वचने वाचायची सवय इथे नडते, कारण मार्क बरेचसे मांडणीतून सांगतो.

पाचवा अध्याय घ्या. याईर नावाच्या माणसाच्या मरायला टेकलेल्या मुलीकडे निघालेला येशू वाटेत रक्तस्रावाने गांजलेल्या स्त्रीपाशी थांबतो. तिचा आजार 12 वर्षांचा, मुलीचे वयही 12. एका गोष्टीच्या पोटात दुसरी. अकराव्या अध्यायात येशूने शापलेले अंजिराचे झाड आणि त्याने मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलणे याच रीतीने गुंफले आहे. नुसते झाड वाचले तर येशू भुकेपोटी चिडलेला वाटतो (आणि प्रवचनांतही कधी कधी तसाच राहतो). मधला मंदिराचा प्रसंग धरून वाचला की शाप कशाला आहे ते उमगते.

ठळक मथळे नेमकी हीच गुंफण तोडतात. ते मार्कचे नाहीत, संपादकांचे आहेत. सर्वांत मोठे नुकसान 8:22 (आठवा अध्याय, बाविसावे वचन) ते 10:52 या भागात होते. सुरुवातीला बेथसैदाच्या आंधळ्याला आधी माणसे झाडांसारखी दिसतात, मग स्पष्ट; शेवटी बार्तीमय हा दुसरा आंधळा बरा होतो. मधल्या भागात येशू आपले मरण तीनदा सांगतो (8:31, 9:31, 10:33) आणि शिष्य तिन्ही वेळा चुकतात: पेत्र त्यालाच दटावतो, मग थोर कोण याचा वाद, मग येशूच्या उजव्या-डाव्या बाजूच्या मानाच्या जागांची मागणी. शिष्यांची दृष्टी अजून अर्धीच आहे. पेन्सिलीने या तीन जागा खुणावून मथळे न वाचता पुढे जा.

भाषांतरात दोन शब्दांपाशी थांबावे लागते. 10:45 मधली ‘खंडणी’ म्हणजे गुंडांची नव्हे. मूळ ग्रीक ‘लुट्रॉन’ म्हणजे गुलाम किंवा बंदी सोडवायला दिलेली किंमत. 1:15 मधला ‘पश्चात्ताप’ नुसती हळहळ वाटतो. ‘मेटानोइया’त मन पालटून दिशा बदलणे आहे. अशा जागी टिपा नसतील तर नवखा वाचक हमखास अडखळतो.

विकत घेण्याआधी शेवटचे पान उघडा. चौथ्या शतकातल्या सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस या हस्तलिखितांत मार्क 16:8 वरच संपतो: स्त्रिया कबरेपासून पळतात, भीतीने कोणाला काही सांगत नाहीत. पुढची 9 ते 20 ही वचने नंतर जोडलेली मानतात; ती कंसात नसतील, तळटीपही नसेल, तर दुसरी आवृत्ती शोधा.