दुसऱ्यांदा लावला तरी हसवतो का? ‘अशी ही बनवाबनवी’ आणि आणखी काही

सुरुवातीलाच सांगून टाकतो. घरात, गच्चीवर किंवा गल्लीतल्या मंडळात परत लावायला एकच मराठी विनोदी सिनेमा निवडायचा असेल, तर ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८). कोल्हापुरात हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मंगळवार पेठेत काय आणि राजारामपुरीत काय, दार वाजवून ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ म्हटलं की आतून बरोबर उत्तर येतं. खरा प्रश्न आहे तो हाच सिनेमा का टिकला याचा. त्याच काळातले, तेवढेच गाजलेले कितीतरी सिनेमे आज अर्ध्यावर बंद करावेसे वाटतात.

विनोदी सिनेमा शिळा होतो तो बहुतेक वेळा एकाच कारणानं. त्यातलं हसू धक्क्यावर उभं असतं. कुणी घसरून पडलं, दार उघडलं आणि भलताच माणूस समोर आला, की पहिल्यांदा हसू येतंच. दुसऱ्यांदा तो धक्का आधीच माहीत असतो आणि तिथं बघण्यासारखं दुसरं काही नसतं. बनवाबनवीची बांधणी उलटी आहे. चौघा मित्रांना भाड्यानं जागा हवी, घरमालकीण लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांना जागा देणार, म्हणून दोघं जण बायका होतात. ही थाप प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक आहे, लपवलीय ती पडद्यावरच्या माणसांपासून. त्यामुळं सगळं पाठ असलं तरी बिघडत नाही. कोण कुठं सापडणार आणि सापडता सापडता कसा निसटणार, हे बघण्यातच मजा आहे.

७० रुपयांचा प्रसंग घ्या. धनंजयचे आधीचे घरमालक विश्वासराव सरपोतदार यांनी मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले पैसे त्यांना परत हवेत. धनंजय मानेचं (अशोक सराफ) म्हणणं असं, की इस्रायलचं औषध आणणारा माणूसच वारला, आणि त्याच्यासोबत ते ७० रुपयेही वारले. पहिल्यांदा बघताना सगळे कान अशोक सराफांच्या शब्दांवर असतात. पुढच्या वेळी फक्त विश्वासराव झालेल्या सुधीर जोशींकडं बघा. पैसे मागावेत की दुखवटा पाळावा, हे त्या माणसाचं ठरत नाही, आणि तो गोंधळ डोळ्यांपासून मानेपर्यंत उतरतो. अशोक सराफ तर जराही हसत नाहीत, खरंच घरातलं कुणी गेल्यासारखे उभे असतात. हसू बोलणाऱ्याच्या वाक्यात सुरू होतं आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पिकतं. जिथं ऐकणारा नट पक्का असतो, तो प्रसंग दहाव्यांदाही चालतो. माझ्या मते विनोदी सिनेमा पारखायची हीच पहिली कसोटी.

दुसरी कसोटी हशासाठी सोडलेल्या जागेची. मोठ्या हशानंतर लगेच महत्त्वाचं वाक्य आलं, तर ते हशात बुडतं आणि पुढचा दुवा तुटतो. बनवाबनवीचे संवाद वसंत सबनीसांचे, म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या हाताचे. लोकनाट्यात प्रेक्षक हसला की नट थांबतो, हशा ओसरला की पुढं सरकतो. सिनेमात नट थांबू शकत नाही, तेवढी फट लिहितानाच ठेवावी लागते. इथं ती ठेवलेली जाणवते, म्हणून पन्नास माणसांत बसूनही कथा निसटत नाही. सांगाडा हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’चा (१९६६) आहे. पण सचिन पिळगावकरांच्या सिनेमात जे लोकांच्या तोंडी बसलं, ते बोलणं सगळं इथलं.

दोष आहेत. प्रेमाची गाणी थापेचा धागा थांबवतात, परत बघताना ती पुढं ढकलली तरी चालतात. ‘कुणीतरी येणार येणार गं’ मात्र ढकलू नका. ते पार्वतीचं, म्हणजे बाई झालेल्या परश्याचं डोहाळजेवण आहे, म्हणजे थापेला आणखी एक गाठ बसतेय आणि परश्या झालेले लक्ष्मीकांत बेर्डे त्यात पुरते अडकताहेत. बायकी चालण्याबोलण्यावरचे काही विनोद आज खटकतात, आणि खटकायलाच हवेत.

‘धुमधडाका’ (१९८५) तुकड्यातुकड्यानं बघायचा. अशोक सराफांचं ते पाइप ओढत ‘व्याख्या, विख्खी, वुख्खू’, समोर शरद तळवलकर, एवढ्यावर पैसे वसूल. मधली मारामारी गाळली तरी चालेल. ‘झपाटलेला’ (१९९३) पोरांसाठी. रामदास पाध्यांचा बाहुला तात्या विंचू आजही त्यांना घाबरवतो आणि हसवतोही, मोठ्यांना मात्र दुसऱ्यांदा लक्ष्याचाच आधार.

दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१) एकट्यानं मोबाइलवर बघणाऱ्यांना थंड वाटतो, आणि त्यात सिनेमाचा दोष नाही. कथा सबनीसांचीच, आणि दादांचं बोलणं भरलेल्या तंबूला उद्देशून आहे. वीस-पंचवीस माणसं जमवा, त्यात दोन-चार वयस्कर असू देत, मग बघा.

कोल्हापूरकरांनी एकदा तरी बघावा असा आणखी एक सिनेमा म्हणजे ‘ब्रह्मचारी’ (१९३८). आपल्याच गावातल्या हंस पिक्चर्सचा, आचार्य अत्र्यांनी लिहिलेला. औदुंबर ब्रह्मचर्याची शपथ घेतो आणि मग किशोरी भेटते. मास्टर विनायक शपथ पाळायची जेवढी शिकस्त करतात, तेवढं हसू वाढतं. इथंही बनवाबनवीचंच सूत्र आहे: हा टिकणार नाही हे आपल्याला ठाऊक, त्याला नाही. आवाज जुना आणि खरखरीत असल्यानं गच्चीवर हा लावू नका, हेडफोन लावून बघा.

आता लावायचा कसा, कारण चांगला सिनेमा वाईट लावला की हमखास पडतो. जुना चौकोनी चित्रपट रुंद टीव्हीवर ताणला गेला की चेहरे पसरट होतात आणि बारीक हावभाव जातात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘पिक्चर साइझ’ ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ करा, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू देत. आवाजाचा ‘सराउंड’ बंद, बास कमी, ‘व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ मोड असेल तर चालू. ब्लूटूथ स्पीकर टाळा. त्यात आवाज बऱ्याचदा १०० ते २०० मिलिसेकंद मागं पडतो, ओठ आधी हलतात आणि वाक्य नंतर येतं. मारामारीच्या सिनेमात हे खपून जातं, विनोदात टायमिंगच जातं. साधी ऑक्स वायर लावा. सबटायटल बंद ठेवा, नाहीतर वाक्य बोलायच्या आधीच वाचून होतं.

गच्चीवर लावायचा तर आठ फूट रुंद पडद्याला ३००० लुमेनच्या आसपासचा प्रोजेक्टर अंधारात पुरतो. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. मागं आणखी एक बॉक्स ठेवायचा मोह आवरा, दोन्हीकडून आवाज आला की अरुंद गल्लीत शब्द घुमतात. मिरवणुकीचे मोठे बास बॉक्स तर नकोच, त्यात संवाद गडप होतात. खायला भडंग असेल तर ती ताटल्यांत वाढा, कागदी पुड्यांची कुरकुर नेमकी शांत जागी येते. तांबडा-पांढरा रस्सा करणार असाल तर जेवण आधी उरकून घ्या, वाढप सुरू झालं की अर्धे लोक दहा मिनिटं पडद्याकडं पाठ करून बसतात.

मंडळांसाठी दोन गोष्टी. यूट्यूबवर मोफत दिसतो म्हणून चौकात पडदा लावून दाखवायची मुभा मिळत नाही, त्यासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी आधी घ्या. आणि रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद करावा लागतो, सवलत असते ती सणातल्या ठरावीक दिवसांपुरतीच. बनवाबनवी लांबलचक आहे. तो संध्याकाळी लवकर सुरू करा आणि पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणं आधीच्या दिवशी उरका, नाहीतर सगळ्या थापा उघड व्हायच्या ऐन वेळी आवाज बंद करायची वेळ येते.