एलईडी टाका, बॅटरी वाचेल: २,८५० रुपयांचा गंडा कसा घातला जातो

गाडी २०१० च्या आसपासची, १०० सीसीची, किकवर चालू होणारी. बॅटरी १२ व्होल्ट २.५ एएचची (एएच म्हणजे ॲम्पियर-तास, बॅटरीची साठवण). तक्रार अगदी साधी होती: हॉर्न बसल्यासारखा वाजतो आणि इंडिकेटर रडतखडत लागतात. दुकानात सांगितलं गेलं, "हॅलोजन ३५ वॅट खातो, म्हणून बॅटरी बसते. एलईडी टाका, गाडी डीसी करून देतो, ॲव्हरेजही वाढेल." बिल झालं ते असं: एलईडी बल्ब ९५०, फुल वेव्ह आरआर ९००, डीसी कन्व्हर्जन १,०००. आरआर म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, एसी करंटचं डीसी करून बॅटरी चार्ज करणारा डबा. फुल वेव्ह आरआर एसीच्या दोन्ही अर्ध्या फेऱ्या वापरतो, हाफ वेव्ह एकच. डीसी कन्व्हर्जन म्हणजे हेडलाइट बॅटरीच्या डीसी करंटवर घेणं. तीन आठवड्यांत बॅटरी पार झोपली आणि रात्री ब्रेक दाबला की हेडलाइट लुकलुकायला लागला.

गंड्याची सुरुवात पहिल्याच वाक्यात आहे. या जातीच्या जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. मॅग्नेटच्या (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) कॉइलमधून पिवळ्या तारेने थेट एसी करंट हेडलाइटला जातो, आणि पांढऱ्या तारेचा करंट आरआरमधून बॅटरी चार्ज करतो. त्यामुळे हॅलोजन काढा नाहीतर ठेवा, बॅटरीला फरक पडत नाही. हे तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून चावी फिरवा आणि हेडलाइटचं बटण दाबा. बल्ब लागला नाही आणि इंजिन चालू केल्यावर रेसप्रमाणे प्रकाश कमी-जास्त झाला, तर हेडलाइट एसी आहे. मात्र १ एप्रिल २०१७ पासून दिवसाही हेडलाइट चालू राहणं सक्तीचं झालं. त्यानंतरच्या काही गाड्यांत हेडलाइट डीसी असूनही इंजिन चालू झाल्यावरच लागतो. तिथे इंजिन चालू असताना हेडलाइटच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावून एसी आहे की डीसी हे पाहावं लागतं.

मग या गाडीत बॅटरी का बसत होती? बॅटरीच्या आतल्या प्लेट खराब झाल्या होत्या, आणि अर्थची (करंट परत नेणारी) हिरवी तार चेसिसला जिथे बसते तिथे गंज होता. खर्च बॅटरीचा आणि एका पॉलिश पेपरचा होता.

आता "डीसी कन्व्हर्जन". खरं काम कष्टाचं आहे. कॉइलचं एक टोक कारखान्यातूनच बॉडीला, म्हणजे अर्थला जोडलेलं असतं. ते सोडवून स्वतंत्र तारेने बाहेर आणायचं, दोन्ही टोकं फुल वेव्ह आरआरला द्यायची, आणि मग हेडलाइट चावीच्या लाइनवर घ्यायचा. त्यासाठी मॅग्नेट कव्हर उघडावंच लागतं, सोल्डरिंग करावं लागतं, नवं गॅस्केट बसवावं लागतं. या गाडीच्या मॅग्नेट कव्हरच्या बोल्टांच्या खाचांत जुना चिखल दगडासारखा बसलेला होता. पाना लागल्याची एक खूण नव्हती.

मल्टिमीटरने शंका उरत नाही. आरआरचं सॉकेट काढून कॉइलकडून येणाऱ्या तारांवर एक प्रोब आणि इंजिनच्या उघड्या धातूवर दुसरा. काम झालेलं असेल तर मीटर ओपन, म्हणजे जोडणी नाही असं, दाखवतो. इथे एक ओहमपेक्षाही कमी दिसलं, म्हणजे कॉइल अजून अर्थलाच होती. केलं होतं ते इतकंच: हेडलाइटची पिवळी तार हँडलजवळ कापून बल्ब चावीच्या काळ्या तारेवर जोडला आणि वर टेप गुंडाळली. चार्जिंग पूर्वीचंच, हाफ वेव्ह. बॅटरीवर मात्र नवा बोजा. २.५ एएचच्या बॅटरीला सव्वा ॲम्पियरचा बल्ब एकट्याने सांभाळायचा तर हिशोबाने दोन तास, आणि थकलेल्या बॅटरीला तेवढेही जमत नाहीत. हेडलाइट चालू ठेवून रेस दिली तरी बॅटरीवर १२.३ व्होल्टच दिसत होते. चार्जिंग नीट असेल तर मध्यम रेसला १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. सगळ्यांत वाईट म्हणजे, आधी बॅटरी मेली तरी रात्री हेडलाइट लागायचा. आता तोही तिच्या गळ्यात बांधला गेला.

आरआर नवा कोरा होता, पण मूळ हाफ वेव्हचाच पर्यायी भाग. पांढरी, पिवळी, लाल, हिरवी, चारही तारा जुन्याच जागी. काही ठिकाणी खरोखर फुल वेव्ह आरआर लावतात, पण कॉइल अर्थवरून सोडवत नाहीत. ते आणखी घातक. प्रत्येक अर्ध्या फेरीला कॉइल आरआरमधल्या डायोडमधून (करंट एकाच दिशेने सोडणाऱ्या भागातून) अर्थला शॉर्ट होते, आरआर हात लावू देणार नाही इतका तापतो आणि जळतो.

बल्बच्या खोक्यावर ८० वॅट छापलं होतं. ८० वॅटला १३ व्होल्टवर सहा ॲम्पियरच्या वर करंट लागतो. फ्यूज काढून त्याजागी मीटर १० ॲम्पियरच्या रेंजवर लावला आणि बाकी सगळं बंद ठेवलं, तेव्हा १.२ ॲम्पियर दिसले, म्हणजे जेमतेम १६ वॅट. दहा मिनिटांनी बल्बची उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक तापल्यावर ०.८. वॅट कमी असणं हा दोष नव्हे, खोटं छापणं हा आहे. त्याहून मोठा दोष प्रकाशाचा. ३५/३५ वॅटच्या एचएस१ हॅलोजनमध्ये डिपरच्या (खाली झुकलेल्या प्रकाशाच्या) फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती वर जाणारा प्रकाश अडवते. या बल्बमध्ये तीन बाजूंना जाड चिप होत्या आणि वाटी नव्हती. भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. वरची कड स्पष्ट कापलेली दिसली पाहिजे. इथे पांढरा गोळा छतापर्यंत गेला. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्त्यावरचा खड्डा दिसत नाही.

ॲव्हरेजचं तर सोडूनच द्या. अशा गाड्यांचा आरआर शंट पद्धतीचा असतो. कॉइल जेवढा करंट बनवते त्यातला उरलेला तो अर्थला उतरवतो आणि उष्णता करून टाकतो. बल्बने कमी घेतला म्हणून इंजिनवरचा भार मोजण्याइतका हलका होत नाही.

एलईडीने खरी बचत होते ती बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यांत. ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब काढून दोन-तीन वॅटचा एलईडी घातला तर सिग्नलला उभं असताना बॅटरीचा जीव वाचतो. लाल काचेमागे लाल एलईडीच घ्या, पांढरा गुलाबी दिसतो. टेल आणि ब्रेक यांच्या प्रकाशात ठळक फरक आहे ना, हे दुकानातच पाहा. इंडिकेटरला दहा वॅटचे बल्ब जाऊन एलईडी आले की जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) भराभर मारतो किंवा मारतच नाही. त्यावर लोड रेझिस्टर विकले जातात, म्हणजे वाचवलेली वीज पुन्हा तापवण्यात घालवायची. एलईडीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. गाडीच्या स्पीडोमीटरच्या डब्यात दोन्ही बाजूंना मिळून एकच इंडिकेटर बल्ब असेल तर चारही दिवे एकदम लुकलुकतात, कारण करंट त्या बल्बमधून दुसऱ्या बाजूला जातो. दोन्ही बाजूंच्या तारांतून १एन४००७ चा एकेक डायोड घेऊन बल्बच्या एका टोकाला द्या आणि दुसरं टोक अर्थ करा.

काम देताना काढलेले भाग परत मागा आणि बिलावर प्रत्येक भागाचं नाव लिहून घ्या. "डीसी केलं" म्हणाले तर तिथेच ओहमची चाचणी करायला लावा. फसलाच असाल तर तार जोडण्याआधी कापलेल्या जागेचे आणि मॅग्नेट कव्हरचे फोटो काढा, खोकं जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. या गाडीची पिवळी तार पुन्हा हेडलाइटला जोडली, ३५/३५ चा हॅलोजन बसवला, अर्थचा गंज घासला, नवी बॅटरी टाकली. मध्यम रेसला मल्टिमीटरवर बॅटरीचे १४.१ व्होल्ट आले.