चापडा, एरी की रातकिड्याची पावडर?

कीटक एकदा खाऊन बघायचेच असं मनात असेल, तर तीन पर्याय विचारात घ्या: बस्तर-गडचिरोलीकडची लाल मुंग्यांची चटणी, आसामातले एरी रेशमाचे किडे आणि युरोप-अमेरिकेत पाकिटात मिळणारी रातकिड्याची पावडर.

पण कोळंबी किंवा खेकडा खाल्ल्यावर अंगाला खाज सुटत असेल, ओठ सुजत असतील, तर या तिघांच्याही वाटेला जाऊ नका. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन अगदी जवळच्या रूपात कीटकांतही असतं आणि शिजवल्यानं त्याचा त्रास जातोच असं नाही. घरातल्या धुळीतल्या माइट नावाच्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी असलेल्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. आणि शाकाहाऱ्यांसाठी हा सरळ मांसाहार आहे, पावडर झाली तरी.

चवीसाठी खायचं असेल तर माझं मत निःसंशय चटणीला. आंबा, साल अशा झाडांवर पानं एकमेकांना शिवून घरटी करणाऱ्या या मुंग्या. शिवायला धागा लागतो तो त्यांच्याच अळ्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाचा. चावे सोसत घरटं उतरवायचं, मुंग्या आणि पांढरी अंडी-अळ्या वेगळ्या करायच्या आणि हिरवी मिरची, लसूण, आलं, मीठ घालून पाट्यावर वाटायच्या. बस्तरात हिला चापडा म्हणतात. चिंच, लिंबू काही लागत नाही. मुंगीतल्या फॉर्मिक आम्लाचा आंबटपणा जिभेला झटका देतो, मागून मिरची येते. गडचिरोलीतल्या माडिया घरांतही ती होते. ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीला, म्हणजे याच मुंग्यांच्या तिथल्या चटणीला, तर 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. बस्तरच्या आठवडी बाजारात मुंग्या पानाच्या द्रोणात मिळतात. त्या त्याच दिवशी वाटा. फवारणी झालेल्या आमराईतलं घरटं मात्र कधीही उतरवू नका. चटणी चमचाभरच खाल्ली जाते, त्यामुळे प्रथिनांचा हिशेब इथे मांडण्यात अर्थ नाही.

एरी हे पोटभर खाण्याचं अन्न आहे. एरंडाच्या पानांवर वाढणारा हा किडा. त्याच्या कोशाला एका टोकाला तोंड असतं, त्यामुळे आतला कोषकिडा बाहेर काढून खाता येतो आणि कोशाचं सूतही कातता येतं. कोश विणण्याआधीची पूर्ण वाढलेली अळीही खातात. ताज्या किड्यात साधारण 16 टक्के प्रथिनं आणि बऱ्यापैकी चरबी असते. म्हणूनच तेलात परतल्यावर तो वरून खमंग, आत मऊ लागतो. बांबूच्या कोंबांबरोबर विशेष छान. अडचण आहे ती फक्त दिसण्याची. जवळा डोक्या-सालीसकट खाणाऱ्याला मुंगी जड जाणार नाही, पण बोटाएवढी अळी ताटात अख्खी समोर आली की बरेच जण थबकतात. आसाममध्ये कुणाच्या घरी ती प्रेमानं वाढली गेली, तर जरूर खा. परक्या हॉटेलात पहिल्यांदा मागवू नका.

रातकिड्याच्या पावडरीत दिसण्याचा प्रश्नच नाही. तिच्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात, शिवाय बी-12. रातकिड्यांना गुरांच्या मानानं खाद्य आणि पाणी फार कमी लागतं, हेही मोठं कारण. युरोपीय संघानं रातकिड्याला 2022 मध्ये अन्न म्हणून परवानगी दिली आणि पाकिटावर ॲलर्जीची सूचना सक्तीची केली. तिथे राहणाऱ्या शाकाहारी मराठी मंडळींनी ब्रेड-बिस्किटांच्या घटकांत ‘अकीटा डोमेस्टिकस’ हे नाव शोधावं. तो हाच रातकिडा. चव सौम्य, भाजलेल्या दाण्यांसारखी. एरवी पावडर महाग पडते, आणि नुसती प्रथिनंच हवी असतील तर डाळी-अंडी खाऊन भागतं. तरी घेतलीच, तर सर्वांत लहान पाकीट घ्या आणि थालीपिठाच्या भाजणीत वाटीला चमचाभर मिसळा. त्याहून जास्त घातली की पीठ तुटायला लागतं.