सोयाबीननंतर हरभरा की गहू? थंडी आणि पाण्याचा ताण समोर ठेवून

सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं, आणि बियाण्याच्या पिशवीवर ‘ताण सहन करणारे’ असं छापलेलं असतं. ताण कोणता, पाण्याचा की थंडीचा, आणि पिकाच्या कोणत्या वयात, हे पिशवी सांगत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड-भिवापूरकडची कोरडवाहू काळी जमीन आणि पेंच कालव्याखालचं मौदा-रामटेकचं ओलित यांचं उत्तर एक असूच शकत नाही.

आधी पाणी. मुळांना ओल कमी पडली की दोन्ही पिकांत अॅब्सिसिक आम्ल, म्हणजे ताणाची खबर देणारं संप्रेरक, वाढतं आणि पानांची रंध्रं मिटतात. ड्रेब गटातली जनुकं जागी होऊन पेशी वाचवणारी प्रथिनं बनवायला लावतात. पण रंध्र मिटलं की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, वाढ खुंटते. अॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात ड्रेब१ए जनुक कायम चालू ठेवून पाहिलं, तेव्हा झाडं तगली खरी, पण खुजी राहिली. म्हणून ‘एका जनुकाने दुष्काळ हटला’ असं सांगणारं पत्रक बाजूला ठेवावं.

हरभऱ्याची ताकद मुळात आहे. आयसीसी ४९५८ या वाणाच्या चौथ्या लिंकेज गटात (एकत्र वारशाने जाणाऱ्या जनुकांचा संच) मुळांच्या वाढीशी जोडलेला जनुकांचा पट्टा सापडला. तो पुसा ३७२ मध्ये आणून पुसा हरभरा १०२१६ हे वाण तयार झालं, मध्य भारतासाठी. अर्थात खोल मूळ खाली ओल असेल तरच कामाचं. पेरण्याआधी १५ सेंमी खालची माती मुठीत दाबून पाहा. गोळा होत नसेल तर वाण कितीही चांगलं असो, कोरड्यात पेरू नये.

गव्हाचं दुखणं वरच्या थरात असतं. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात, तीही जमिनीखाली जेमतेम दोन-तीन सेंमीवर. रोप उपटलं तर बियाच्या वरच्या गाठीतून निघालेली पांढरी, जाडसर मुळं ओळखू येतात. त्या वेळी हा थर सुकलेला असला तर ती नीट फुटत नाहीत, फुटवे घटतात, आणि पुढे कितीही पाणी दिलं तरी ते नुकसान पूर्ण भरून निघत नाही.

थंडीत पारडं उलटं फिरतं. गार हवेत पेशीची पटलं ताठरतात, कॅल्शियम आत शिरतं आणि थंडी सोसण्याची तयारी करवणारी सीबीएफ जनुकं कामाला लागतात. गव्हात त्यांचा जुडगाच पाचव्या गुणसूत्रावर आहे. आपल्याकडचा गहू वसंती प्रकारचा, म्हणजे त्याचं व्हीआरएन१ जनुक फुलोऱ्यासाठी कडाक्याच्या थंडीची वाट पाहत नाही. तरी गार हवेत फुटव्यांना जास्त दिवस मिळतात. नागपुरात रात्री पारा ८-१० अंशांवर गेला तर गव्हाचं काही बिघडत नाही. त्याला मारतं ते फेब्रुवारीचं ऊन, दाणा चिमतो. १५ नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याच्या उशिराला एकरी साधारण एक क्विंटल घट धरा.

हरभरा मात्र फुलोऱ्यात हळवा. दिवसाचं सरासरी तापमान १५ अंशांखाली गेलं की परागनलिका (परागकणातून बीजांडाकडे जाणारी नळी) नीट वाढत नाही, फूल गळतं. हिशेब सोपा: कमाल २७, किमान ८ असेल तर सरासरी साडेसतरा, चिंता नाही. ढगाळ दिवशी कमाल २० आणि किमान ८ असेल तर १४, गळ होणार. ऊब आली की नवी फुलं येतात, तेव्हा घाईने संजीवकं फवारण्यात अर्थ नाही. आणि झाड हिरवंगार, भराभर वाढतंय, तरी घाटे नाहीत, असं असेल तर दोष थंडीचा नसून ऐन फुलोऱ्यात दिलेल्या पाण्याचा असण्याची शक्यता जास्त.

पाण्याच्या पाळ्या मोजा. शून्य ते दोन असतील तर हरभराच: एकरी साधारण ३० किलो बी (टपोऱ्या दाण्याचं वाण असेल तर ४०), पाणी ३०-३५ आणि ६०-६५ दिवसांनी. चार किंवा जास्त पाळ्या खात्रीच्या असतील तर गहू, वेळेवर एकरी ४० किलो, उशिरा ५०. तीन पाळ्यांवरही गहू निघतो, २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५ दिवसांना, पण कालव्याची पहिली पाळी लांबण्याची सवय असेल तर तो जुगार आहे. अपवाद एकच: त्या वावरात मागच्या हंगामात हरभऱ्याला मर लागली असेल, तर तीन पाण्यांवरही गहूच पेरा. मरीची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते, आणि खोल मुळाचं जनुक तिच्यापुढे काहीच करत नाही.