जुन्या विद्याशाखा की नव्या चार?

सांगलीत विश्रामबागला विलिंग्डन आणि वालचंद ही कॉलेजं शेजारी-शेजारी. एकीकडे भौतिकशास्त्र, दुसरीकडे इंजिनिअरिंग. शिवाजी विद्यापीठाच्या जुन्या रचनेत विज्ञान आणि अभियांत्रिकी या वेगळ्या विद्याशाखा होत्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं सगळ्यांच्या मिळून चारच केल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास.

जुन्या पद्धतीत अधिष्ठाता, म्हणजे विद्याशाखेचा प्रमुख, निवडून यायचा. तो त्याच क्षेत्रातला असल्यानं प्रयोगशाळेतली अडचण त्याला फोड करून सांगावी लागत नसे. पण निवडणूक म्हटली की गटतट आलेच. आता अधिष्ठाता पूर्णवेळ नेमतात. शिकवणं सांभाळून उरलेल्या वेळात कारभार बघायची ओढाताण संपली, हे मला फार मोलाचं वाटतं.

खटकतं ते मानव्यविद्येत. मराठी आणि कायदा एकाच अधिष्ठात्याकडे! कवितेचा पेपर आणि खटल्यांचा अभ्यास एकाच मापानं कसा मोजणार? अभ्यासक्रम विषयाचं अभ्यासमंडळच आखतं, म्हणून निभावतं.

विज्ञानाच्या मुलांसाठी मी बिनदिक्कत नवी रचना निवडेन. सेन्सरवर काम करणाऱ्याला भौतिकशास्त्रही लागतं, इलेक्ट्रॉनिक्सही. भाषांना मात्र स्वतःची विद्याशाखा परत मिळायला हवी.